उठतानाचा ठोसा

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात अनेक पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि तिच्यात एक सोयीची पळवाटही दडलेली आहे. खोड जर मरेपर्यंत सुटणारच नसेल, तर ती सोडवण्याचा खटाटोप कोणी का करावा? आणि विचार मनात येण्यापूर्वीच जर हात उगारला जात असेल, शब्द तोंडून निसटत असेल, तर त्या हाताचा आणि त्या शब्दाचा जाब माणसाला विचारणे कितपत न्याय्य आहे? ‘मी मुद्दाम केले नाही, होऊन गेले,’ हे वाक्य आपल्या घराघरांतून रोज उच्चारले जाते. बहुधा ते खोटे नसते. परंतु ते पुरेसे असते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी उदाहरण घ्यायचे आहे ते एका खेळाचे. तोही मैदानावरचा नव्हे, तर पडद्यावरचा. दोन खेळाडू आपापल्या हातातील दांडी आणि बटणे चालवून पडद्यावरील दोन योद्ध्यांची झुंज लावतात, तो हा खेळ. अशा खेळांविषयी पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या मनात अढी आहे, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. वेळ जातो, डोळे शिणतात, आणि लटकी का होईना, पडद्यावर मारामारीच चाललेली असते. या आक्षेपांचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. पण या खेळात गांभीर्याने उतरणारे तरुण एक गोष्ट अशी करतात, जी आपण उपदेशात वारंवार सांगतो आणि आचरणात क्वचितच पद्धतशीरपणे करतो. ते आपल्या वाईट सवयी हुडकून काढतात आणि एकेक करून त्या मोडतात. ते हे कसे साधतात, हे समजून घेण्यात आपले काही उणे होणार नाही.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ आणला आणि समोरासमोर झुंजण्याच्या या प्रकाराला जगभर लोकप्रियता लाभली. १९९४ साली नामको कंपनीचा ‘टेकन’ आला. नाणे टाकून चालवावयाच्या यंत्रांपासून निघालेला हा प्रवास पुढे मोठ्या स्पर्धांपर्यंत जाऊन पोहोचला. २०२३ साली चीनमधील हांगझोउ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’ या खेळासाठी पदके ठेवलेली होती, आणि त्यात भारताचेही खेळाडू उतरले होते.

या खेळातील काळाचे माप ध्यानात घेतल्यावाचून पुढील मुद्दा उमगणार नाही. पडद्यावरील चित्र एका सेकंदात ६० वेळा बदलते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि सर्व हिशेब फ्रेममध्येच केला जातो. सर्वांत चपळ ठोसा तीन-चार फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर. उलट, डोळ्यांनी पाहून हाताने उत्तर द्यावयाचे म्हटले, तर माणसाला साधारणपणे पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेमच्या आसपास अवधी लागतो. प्रतिस्पर्ध्याने उडी मारली तर ती सुमारे पाऊण सेकंद चालते, म्हणून ती पाहून उत्तर देता येते. परंतु चपळ ठोसा निघालेला पाहून तो अडवणे मनुष्यदेहाला शक्यच नाही. याचा अर्थ असा की, झुंजीचा फार मोठा भाग इच्छेच्या आवाक्याबाहेर घडत असतो. तेथे इच्छा पोहोचेपर्यंत सवय आपले काम करून मोकळी झालेली असते.

आता या खेळातील एका प्रसिद्ध वाईट सवयीकडे पाहू. र्यू आणि केन या दोन योद्ध्यांजवळ ‘शोर्युकेन’ नावाचा एक मारा आहे. दांडी पुढे, मग खाली, मग खाली-पुढे तिरपी, आणि त्याच क्षणी ठोशाचे बटण, अशी त्याची आज्ञा आहे. योद्धा खालून उसळी घेतो आणि त्याची मूठ प्रतिस्पर्ध्याच्या हनुवटीचा वेध घेत वर जाते. या माऱ्याच्या बहुतेक रूपांत उसळीच्या आरंभी मारणाऱ्याला समोरच्याचा वार लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. म्हणून, आपला योद्धा खाली पडला आहे, तो उठत आहे आणि प्रतिस्पर्धी अंगावर चालून येत आहे, असा प्रसंग आला की नवखा खेळाडू हमखास हाच ठोसा मारतो. तो लागला तर हार पालटल्यासारखी वाटते. पण समोरच्याने तो नुसता अडवला, तर मारणारा उंच हवेत गेलेला असतो, आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत त्याला काहीएक करता येत नाही. तेवढ्या अवधीत त्याला जबर शिक्षा मिळते. कसलेला प्रतिस्पर्धी ही सवय एकदा पाहतो, दुसऱ्यांदा तिची खात्री करून घेतो आणि तिसऱ्या वेळी चालून आल्यासारखे करून मुद्दाम थांबतो. नवखा उठतो, ठोसा मारतो आणि सामना गमावतो. त्यानंतर तो जे म्हणतो, ते आपल्या ओळखीचे आहे: ‘मला मारायचा नव्हता, हातच गेला.’

ही सवय जडते कशी? मूर्खपणामुळे नव्हे. ती लाभदायक ठरते म्हणून जडते. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे उठतानाचा हा ठोसा दहापैकी सहा-सात वेळा लागला, तरी खेळाडूच्या मनात त्याची खूण पक्की होते. जेव्हा तो चुकतो तेव्हा खेळाडू दैवाला बोल लावतो आणि जेव्हा लागतो तेव्हा स्वतःची पाठ थोपटतो. वाईट सवयीविषयी आपण नेहमी असे बोलतो की, जणू ती माणसाचे केवळ नुकसानच करीत असते. वस्तुतः नुकसानच करणारी सवय फार काळ टिकत नाही. टिकते ती अशी सवय, जी बरोबरीच्या किंवा दुबळ्या माणसांपुढे आपल्याला जिंकून देते.

घरातील एक दृश्य पाहा. वडील दिवसभराच्या कामाने थकून आलेले आहेत. कचेरीत वरिष्ठांनी त्यांचा पाणउतारा केलेला आहे, म्हणजे ते पडलेले आहेत आणि नुकते कोठे उठत आहेत. इतक्यात मुलगा काही विचारतो, किंवा पत्नी खर्चाचा विषय काढते. क्षणाचाही विलंब न लागता चढ्या आवाजात उत्तर जाते. घर चिडीचूप होते, प्रश्न मिटतो. ठोसा लागला! घरातील माणसे दुबळी असतात तोवर हा ठोसा लागतच राहतो, आणि म्हणून सवय पक्की होत जाते. मंडळीच्या कमिटीच्या सभेतही हेच घडते. कोणी हिशेबावर शंका घेतली की ऐकण्याआधीच प्रत्युत्तर तयार असते, आणि विचारणारा गप्प बसला की ते योग्य होते असे ठरते. ज्याची किंमत कळावयास वीस वर्षे लागतात, अशा सवयीला त्या वीस वर्षांत रोज एक छोटे बक्षीस मिळत असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हात आपोआप गेला, तर दोष कोणाचा? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात याचा विचार केला आहे. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही; परंतु तो उचलणे आणि फेकणे त्या माणसाच्या हाती होते, असा त्याचा दाखला आहे. स्वभावाचेही तसेच, असे तो म्हणतो. माणूस एकदा अन्यायी झाला की केवळ वाटले म्हणून त्याला न्यायी होता येत नाही. पण ज्या एकेका कृतीने तो तसा झाला, त्या कृतींच्या वेळी मार्ग मोकळा होता. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात हीच गोष्ट साखळीच्या रूपाने मांडली. वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या सेवेतून सवय, आणि सवयीला विरोध न केल्याने शेवटी अपरिहार्यता, अशा कड्या एकमेकींत गुंतत जातात, असे त्याचे निरीक्षण आहे.

खेळाडूंचे उत्तर याच दिशेचे आहे. मात्र ते एक पाऊल पुढे जाते. सामन्याच्या त्या तीन-चार फ्रेममध्ये आपल्या इच्छेला वाव नव्हता, हे ते मान्य करतात, आणि म्हणूनच त्या क्षणाविषयी स्वतःला शिव्याशाप देत बसत नाहीत. त्याचबरोबर, आपण निर्दोष आहोत असेही ते म्हणत नाहीत. ते जबाबदारीची जागा बदलतात. जी गोष्ट सामन्यात आपल्या हाती नाही, ती सामन्याच्या आधीच्या आणि नंतरच्या निवांत तासात आपल्या हाती असते. त्या तासात काय केले, याचा जाब विचारता येतो. सवय लहानपणी बापाकडून उचललेली असेल, गरिबीने वा अपमानाने लावलेली असेल. तिच्या जन्माचा दोष कदाचित आपला नसेल. पण ती दिसल्यानंतर तिचे काय करावयाचे, ही जबाबदारी आपलीच राहते. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण सतत एकत्र करतो, आणि त्यामुळे एक तर स्वतःला छळतो, नाही तर स्वतःला सोडून देतो.

मग त्या निवांत तासात हे खेळाडू काय करतात? पहिले काम पाहण्याचे. हरलेल्या सामन्याचे चित्रमुद्रण ते पुन्हा पाहतात. हे कंटाळवाणे आणि काहीसे लाजिरवाणे काम आहे, कारण त्यात स्वतःला बाहेरून पाहावे लागते. शेवटचा फटका कोणता बसला हे त्यांना महत्त्वाचे वाटत नाही. त्या फटक्याला आमंत्रण देणारा निर्णय कोणता, हे ते शोधतात. आपण किती वेळा पडलो, त्यांपैकी किती वेळा उठताना ठोसा मारला, त्यांतले किती अडवले गेले, हे मोजतात. मोजल्यावर ‘माझे नशीब वाईट’ या वाक्याला जागा उरत नाही.

दुसरे काम निवडण्याचे. एका सामन्यात दहा दोष दिसतात, पण कसलेला खेळाडू त्यांतला एकच हाती घेतो. दहाही दोष एकाच आठवड्यात सुधारण्याचा संकल्प करणारा नवखा, पुढच्या सामन्यात दहाही गोष्टींचा विचार करू लागतो आणि एकही करू शकत नाही. नववर्षाच्या उपासनेत आपण जे मोठमोठे संकल्प करतो, त्यांची फेब्रुवारीपर्यंत काय गत होते हे ठाऊक असणाऱ्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको.

तिसरे काम जागा भरण्याचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘उठताना ठोसा मारणार नाही’ असा नुसता निश्चय टिकत नाही, कारण त्या क्षणी हाताला काहीतरी करावयाचेच असते. म्हणून त्या ठोशाच्या जागी दुसरी कृती बसवावी लागते: दांडी मागे धरून वार अडवणे. अलीकडच्या खेळांत यासाठी सरावाची उत्तम सोय असते. २०२३ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या हालचाली नोंदवून ठेवता येतात आणि त्या उलटसुलट क्रमाने आपल्यावर सोडता येतात. कधी तो वार करील, कधी पकडून फेकील, कधी नुसता थांबेल. खेळाडू मुद्दाम पडतो, उठतो, अडवतो. पुन्हा पडतो, उठतो, अडवतो. असे शेकडो वेळा. शिवाय पडद्याच्या एका बाजूला बसलेली कृती दुसऱ्या बाजूला आपोआप बसत नाही. योद्ध्यांनी जागा बदलल्या की ‘पुढे’ आणि ‘मागे’ यांची अदलाबदल होते, आणि उजव्या हाताला पक्के झालेले डाव्या हाताला कच्चे निघते. म्हणून दोन्ही बाजूंनी सराव करावा लागतो. घरी सौम्य झालेला माणूस कचेरीत जसाच्या तसा तिखट का राहतो, याचे उत्तर कदाचित येथे सापडेल.

प्रभू येशूने सांगितलेला रिकाम्या घराचा दृष्टान्त या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत तो आला आहे. अशुद्ध आत्मा निघून जातो, परत येऊन पाहतो तो घर झाडलेले आणि सजवलेले आढळते, तेव्हा तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात सोबती घेऊन येतो, आणि त्या माणसाची शेवटली दशा पहिलीहून वाईट होते. त्या घराच्या स्वच्छतेत उणीव नव्हती. मत्तयाच्या वृत्तान्तात ते ‘रिकामे’ होते, असा एक शब्द अधिक आहे, आणि सारा अनर्थ त्या एका शब्दात आहे. रागीट माणसाने राग गिळण्याची शपथ घेतली आणि रागाच्या जागी काहीच ठेवले नाही, तर ते घर फार दिवस मोकळे राहत नाही. ‘जरा थांब, मी पाणी पितो आणि मग बोलू’ एवढे एक साधे वाक्य जरी त्या जागी बसवले, तरी ती सुरुवात ठरते. पण तेही शांत वेळी शेकडो वेळा म्हटलेले असावे लागते. भांडणाच्या वेळी ते सुचत नाही.

चौथे काम कठीण आहे: काही काळ हरण्यास राजी होणे. जुनी सवय सोडलेला खेळाडू लगेच सुधारत नाही. आधी तो अधिक हरतो. उठतानाचा ठोसा त्याला जे सामने जिंकून देत असे, ते आता हातचे जातात, आणि अडवण्याची नवी कृती अजून अर्धीकच्ची असते. कालपर्यंत ज्याला सहज हरवले, तो आज आपल्याला हरवतो. पुष्कळ जण याच टप्प्यावर मागे फिरतात आणि ‘जुनेच बरे होते’ म्हणतात. जे टिकतात ते सामन्याचे माप बदलून टिकतात. ‘मी जिंकलो का?’ असे न विचारता ‘मी आज किती वेळा अडवले?’ असे ते विचारतात. नैतिक जीवनातही असेच घडते. चढ्या आवाजाचा त्याग करणाऱ्या बापाचे पहिले काही महिने घरात कोणी ऐकत नाही. प्रत्युत्तर न देणारा माणूस सभेत दुबळा समजला जातो. सवय सोडणे म्हणजे केवळ एक दोष सोडणे नव्हे. त्या दोषाने मिळवून दिलेली सत्ता सोडणे आहे. हा तोटा सोसावयास आपण तयार नसतो, म्हणून खोड जात नाही. म्हणीने मात्र त्याचे खापर खोडीच्या चिवटपणावर फोडले.

पाचवी गोष्ट, जुनी सवय मरत नाही, निजते. घरच्या सरावात महिनाभर न दिसलेली खोड स्पर्धेच्या मंचावर, घामेजल्या हातांत, पहिल्याच फेरीत उभी राहते. नवखा यावरून ‘सारे व्यर्थ गेले’ असा निष्कर्ष काढतो. जाणता खेळाडू एवढेच समजतो की, सराव अजून दबावाखाली झालेला नाही. आणि तो दबावाखालील सराव वाढवतो. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दारूसारखे व्यसन हे केवळ सवय नव्हे. त्यात देहाचा आजारही मिसळलेला असतो, आणि तेथे निश्चय व सराव यांच्या जोडीला वैद्यकीय उपचार लागतात. सवयीचे नियम सांगून व्यसनी माणसाला हिणवणे हा अन्याय होईल.

ही साधना कोठवर नेऊ शकते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण २००४ सालचे आहे. कॅलिफोर्नियात भरलेल्या ‘इव्हो’ या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३’ च्या तिसऱ्या आवृत्तीचा सामना चालू होता. जपानचा दाइगो उमेहारा केन हा योद्धा घेऊन, आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली ही योद्धी घेऊन खेळत होता. दाइगोच्या योद्ध्याचा प्राण अगदी धुगधुगीपुरता उरला होता. विशेष मारे नुसते अडवले तरी थोडी इजा होतेच, असा नियम. त्यामुळे अडवूनही तो मरणारच होता. जस्टिनने १५ वारांचा विशेष मारा सोडला. त्या खेळात एक अवघड सोय आहे: वार लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडी पुढे, म्हणजे वाराच्या दिशेने, ढकलली तर मुळीच इजा होत नाही. जरा आधी किंवा नंतर झाली, तर वार बसतो. पहिला वार पाहून तो परतवण्यास अवधीच नव्हता; तो येणार हे ओळखून आधीच सिद्ध असावे लागले. दाइगोने पंधराही वार असे परतवले, शेवटचा तर हवेत उडी घेऊन, आणि लगेच प्रतिहल्ला करून तो डाव जिंकला. प्रेक्षक बेभान झाले. वार आला की मागे सरावे ही माणसाची उपजत प्रवृत्ती आहे. ती मोडून, पंधरा वेळा, वाराच्या दिशेने हात पुढे करण्याचे वळण त्या हाताला लावलेले होते. ते त्या क्षणी लागले नव्हते. आणि हेही नोंदवले पाहिजे की दाइगो त्या स्पर्धेचा विजेता ठरला नाही. अंतिम सामना त्याच्याच देशाच्या दुसऱ्या खेळाडूने जिंकला.

एकट्याने हे साधते काय? फारसे नाही. आपली सवय आपल्याला दिसत नाही. ती समोरच्याला दिसते. २०१९ साली लाहोरचा अर्सलान सिद्दीक, ज्याला खेळाच्या जगात अर्सलान ॲश म्हणतात, त्याने ‘टेकन ७’ या खेळात ‘इव्हो’ च्या जपान आणि अमेरिका येथील दोन्ही स्पर्धा जिंकल्या, तेव्हा जग चकित झाले. त्याने मात्र आपल्या देशातील इतर खेळाडूंकडे बोट दाखवले. आपल्या तोडीचे तेथे आणखी आहेत, असे त्याने सांगितले, आणि पुढे त्याच्या देशबांधवांनी ते खरे करून दाखवले. तोडीचे सोबती रोज समोर असले की वाईट सवयीला बक्षीस मिळणेच बंद होते. लोखंडाने लोखंडाला धार येते, हे नीतिसूत्रकाराचे निरीक्षण येथे शब्दशः उतरते.

तथापि खेळ आणि नीती यांतील अंतर विसरून चालणार नाही. खेळात समोरच्याची सवय ओळखली की तिचा फायदा घ्यावयाचा असतो. कधी कधी तर एकच चाल मुद्दाम पुनःपुन्हा करून समोरच्याला एक सवय लावली जाते आणि मग त्याच सवयीवर त्याला पाडले जाते. पटावर वा पडद्यावर हे कौशल्य आहे. संसारात ते कपट ठरेल. पती-पत्नींना एकमेकांचे मर्म ठाऊक असते, आणि कोणत्या शब्दाने दुसरा उसळेल हेही ठाऊक असते. ते ज्ञान पाडण्यासाठी वापरावयाचे की सावरण्यासाठी, येथे प्रीतीची कसोटी लागते. चांगल्या खेळाडूंमध्ये मात्र एक सुंदर रीत आहे. सामना संपल्यावर हरलेला विचारतो, ‘माझे काय चुकले?’ आणि जिंकलेला पुष्कळदा मोकळेपणाने सांगतो, ‘तू उठताना दर वेळी ठोसा मारतोस.’ पुढच्या वेळचा आपला सोपा विजय तो अशा प्रकारे स्वतःहून देऊन टाकतो. आपल्या मंडळ्यांत असे विचारणारे किती, आणि पाठीमागे न बोलता समोर सांगणारे किती?

आणखी एक अंतर ॲरिस्टॉटलनेच दाखवले आहे. कलाकौशल्यात जाणूनबुजून चूक करणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा वरचढ असतो, कारण त्याला बरोबर काय ते येत असते. सद्गुणांत याच्या उलट आहे. जाणूनबुजून क्रूर होणारा नकळत क्रूर होणाऱ्यापेक्षा हीन ठरतो. म्हणजे सराव माणसाला निपुण करील, पण कशासाठी निपुण व्हावयाचे हे सराव सांगू शकत नाही. ते अन्यत्र ठरवावे लागते.

पौलाला हे ठाऊक होते. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत, आणि त्यांत मुष्टियुद्धही असे. म्हणून करिंथकरांस पहिले पत्र लिहिताना, नवव्या अध्यायाच्या शेवटी, त्याने धावणारा आणि मुष्टियोद्धा या दोन प्रतिमा घेतल्या. वाऱ्यावर ठोसे मारणाऱ्यासारखे आपण लढत नाही, असे तो सांगतो. त्यापुढे आपल्या शरीराविषयी त्याने जे क्रियापद वापरले आहे, त्याचा मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे असा आहे. भाषांतर करणाऱ्याला हा शब्द थबकावयास लावतो, कारण तो सभ्य नाही. तो आखाड्यातला आहे. पौलाचा प्रतिस्पर्धी बाहेर नाही. उठता उठता दुसऱ्याच्या हनुवटीवर जाणारी मूठ त्याने स्वतःकडे वळवली आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या अखेरीस तर ‘हेक्सिस’ आणि ‘गुम्नाझो’ हे दोन ग्रीक शब्द एकाच वाक्यात आले आहेत. पहिल्याचा अर्थ अंगी मुरलेली अवस्था किंवा वहिवाट, आणि दुसऱ्याचा व्यायामशाळेतील कसरत. प्रौढ विश्वासणाऱ्याला बरेवाईट ओळखता येते ते एखाद्या साक्षात्काराने नव्हे, तर कसरतीने घडलेल्या इंद्रियांमुळे, असा त्याचा आशय आहे. कृपा माणसाला पुन्हा उभे करते. उठल्यावर हात कसा वापरावा हे मात्र शिकावे लागते.

वय झाले, आता काय शिकणार, असे म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटची नोंद. हांगझोउ येथील त्या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’ चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू या खेळाडूने जिंकले. तो तेव्हा ४४ वर्षांचा होता. ज्या खेळात सेकंदाचे साठ भाग मोजतात आणि तरुण बोटांचा वेग वरचढ मानतात, त्या खेळात चाळिशी ओलांडलेला माणूस अजून आपल्या हाताला वळण लावीत होता.

तेव्हा जित्याची खोड जाते की नाही, याचा निकाल म्हणीवर सोपवू नये. आज संध्याकाळी आपल्यापैकी कोणी तरी पडलेला असेल, नुकता उठत असेल, आणि समोरून कोणी चालून येत आहे असे त्याला वाटेल. पुष्कळदा ते चालून येणारे आपलेच मूल असते. त्या क्षणी निश्चय करावयास वेळ मिळणार नाही. तो वेळ आत्ता आहे.